तिसऱ्याच्या हातून

१

त्या घरात सकाळी कुणी कुणाशी बोलत नसे, आणि ते दोघांच्याही पथ्यावर पडत असे. थोरली चहा टाकायची, दोन कप ओट्यावर ठेवायची आणि आपला उचलून खिडकीशी जायची. धाकटा आपला उचलून दाराशी उभ्याउभ्याच संपवायचा. मग तो लिफ्ट दुरुस्तीला जायचा, ती कपड्यांच्या ऑल्टरेशनच्या दुकानात. दुसऱ्यांनी शिवलेलं उसवायचं आणि बेताचं करून द्यायचं, हे तिचं काम. ती एकोणपन्नासची, तो पंचेचाळीसचा. आईवडील गेलेले, दोघांचीही लग्नं न जुळलेली, म्हणून बहीणभाऊ एका छताखाली. प्रेमाबिमाचा काही प्रश्नच नव्हता.

त्या मंगळवारी ती तोंड धुवायला गेली, तर बेसिन फुटलेलं. काठापासून भोकापर्यंत सरळ तडा, आणि एक तिकोनी तुकडा खाली फरशीवर.

"हात कुणाचा लागला?" तिने तिथूनच विचारलं.

"माझा नाही," धाकटा दारातून म्हणाला.

"मग काय, पहाटे उठून बेसिनलाच जिवाचा कंटाळा आला?"

"काल तूच बादल्या आपटत होतीस."

"आपटत नव्हते, ठेवत होते."

"तुझं ठेवणं कुठलं आणि आपटणं कुठलं, मला नाही कळत. एकाच कानाने ऐकतो ना मी."

हे असं असायचं. कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी त्या कानावर येऊन थांबायची. धाकट्याने बूट चढवले, दार उघडलं आणि पाठमोराच म्हणाला, "तिसऱ्याचा लागला असेल."

दार लागलं. थोरली बेसिनचा तुकडा हातात घेऊन उभी राहिली. अडतीस वर्षांत हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

२

तिसरा म्हणजे कोण, ते सांगायला हवं.

त्यांचे बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानदारांचे तराजू घरी यायचे, आणि बाबा घरातही सगळं तोलूनमापून करायचे. काही फुटलं की 'कुणी फोडलं' असं ते कधी विचारत नसत. मुद्दाम कुणी फोडत नाही, हात लागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रश्न एकच, "हात कुणाचा लागला?" ज्याचा लागला त्याने पुढे यायचं, "माझ्या हातून झालं" म्हणायचं, आणि स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या बोळात एक फळी होती, तिच्यावर आपली एखादी वस्तू ठेवायची. आवडती, तेवढ्याच तोलाची. मार नाही, ओरडा नाही. आठ दिवसांनी वस्तू फळीवरून नाहीशी व्हायची आणि परत कधी दिसायची नाही. थोरलीची उड्या मारायची दोरी अशी गेली. धाकट्याची शिटी गेली, चावीची मोटार गेली.

धाकटा पाच वर्षांचा असताना त्याच्या हातून चादरीवर शाई सांडली. त्याच्याजवळ द्यायला काही उरलंच नव्हतं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "माझ्या नाही. तिसऱ्याच्या हातून झालं."

बाबा खो खो हसले. "अस्सं? मग तिसऱ्याला म्हणावं, ठेव बाबा काहीतरी फळीवर!" आणि त्यांनी तो विषय तिथेच सोडून दिला.

मुलांना घबाडच सापडलं. कंदिलाची काच, बरणीचं झाकण, आईचा कंगवा, सगळं तिसऱ्याच्या नावावर. बिचारा तिसरा! त्याला ना जेवायला ताट, ना झोपायला अंथरूण, पण खापर फोडायला डोकं मात्र त्याचं.

मग काचेच्या कपाटाचा दिवस आला. थोरली अकराची, धाकटा सातचा. वरच्या कप्प्यातला बिस्किटांचा डबा काढायला ती कपाटाच्या खालच्या फळीवर चढली आणि दाराला धरून तिने जोर लावला. कपाट पुढे कललं. तिने बाजूला उडी मारली. तिच्या सांगण्यावरून कपाट धरून उभा असलेला धाकटा मात्र तिथेच राहिला.

बाबा आले तेव्हा काच सगळ्या खोलीभर होती, आणि धाकट्याच्या डाव्या कानावर आईने दाबलेला टॉवेल लाल झाला होता. बाबांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "हात कुणाचा लागला?"

थोरली म्हणाली, "तिसऱ्याचा."

धाकट्याने टॉवेलाआडून तिच्याकडे पाहिलं. बाबा या वेळी हसले नाहीत. दोघांच्या मधे जी रिकामी जागा होती तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले, कमरेइतक्या उंचीवर, एखाद्या मुलाकडे बघावं तसे. मग म्हणाले, "बरं."

तो कान पुन्हा कधी उघडला नाही. आणि त्या दिवसापासून धाकट्याने तिला ताई म्हणणं सोडलं. हाक मारायची वेळ आलीच, तर तो "ए" म्हणायचा.

३

बुधवारी सकाळी फळीवर बटण होतं.

आता त्या फळीवर टॉर्च आणि चाव्या असायच्या. त्यांच्या शेजारी, फळीच्या अगदी मधोमध, एक लाल बटण. त्याला कापडाचा नखाएवढा तुकडा अजून चिकटलेला होता. थोरलीने ते उचललं आणि सवयीने उलटं करून टाका पाहिला. चार भोकांतून फुलीचा टाका, आणि खाली दोऱ्याला तीन वेढे. तीन वेढे देणारं माणूस तिला एकच ठाऊक होतं, ती आई. आईकडूनच ती ते शिकली होती.

कापड निळ्या चौकड्यांचं. तेही तिने ओळखलं. धाकटा चार-पाच वर्षांचा असताना आईने एकाच तुकड्यातून तिचा फ्रॉक आणि धाकट्याचा शर्ट काढला होता. फ्रॉकला हुक होते. शर्टाची बटणं निळी होती. लाल बटणं कशालाच नव्हती. आणि तिसरा कपडा निघण्याइतकं कापड तर उरलंच नव्हतं. ती स्वतः मशीनखाली बसून चिंध्या वेचत होती.

"हा काय पोरकटपणा?" तिने बटण धाकट्यासमोर धरलं.

"मला काय विचारतेस? बटणं तुझ्या धंद्यातली."

"फळीवर मी नाही ठेवलं."

"मीही नाही." त्याने बटणाकडे पाहिलं, आणि चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवून निघून गेला. कपात अर्धा चहा होता. असं तो कधी करत नसे.

थोरलीने मनाशी जुळवाजुळव केली. आईच्या शिवणाच्या डब्यात असेल पडलेलं, चाव्या काढताना वर आलं असेल. शिवणाचा डबा आई वारल्यावर भंगारात गेला होता, हे तिला आठवलं, पण त्याकडे तिने कानाडोळा केला.

४

शुक्रवारी धाकट्याच्या कपाचा कान तुटला. कप कपाटात होता, कपाट बंद होतं.

"हात कुणाचा लागला?" या वेळी त्याने विचारलं.

"विचार तुझ्या लाडक्या तिसऱ्याला," थोरली फणकारली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ आवरायला हवी होती.

शनिवारी सकाळी फळीवर दुधाचा दात होता. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, मुळाशी तांबूस.

तिने तो कागदात गुंडाळून फेकून दिला आणि हात तीनदा साबणाने धुतले. मग तिने ठरवलं की हा सरळसरळ छळ आहे. कानाचा सूड. अडतीस वर्षं मनात साठवलेलं आता असं बाहेर येतंय. पण ती काही दुधखुळी नव्हती. झोपायच्या आधी तिने काळा दोरा घेतला, फळीच्या एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत चार पदर ताणून बांधले आणि रीळ फळीवरच ठेवलं. दोरा तोडल्याशिवाय मधे हात जाणार नाही. तोडला की चोर सापडला.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाची काच तडकलेली होती. फळीवरचा दोरा तुटलेला नव्हता. तो सोडवून, गाठी उकलून, रिळावर परत गुंडाळलेला होता, नीट, ओळीने, तिला स्वतःला जमतो तसा. रिळाशेजारी एक नख होतं. अख्खं, मुळापासूनचं. आणि लहान मुलाचं नव्हतं ते. चांगल्या थोराड माणसाच्या अंगठ्याचं होतं.

बटण चार-पाच वर्षांच्या मुलाचं. दात सहा-सात वर्षांच्या मुलाचा. हिशोब न करायचा ठरवूनही तिने केला: तिसरा त्यांच्याबरोबर वाढत आला होता.

चहा पिताना ती धाकट्याच्या हातांकडे बघत राहिली. दहाही नखं जागच्या जागी होती, ग्रीसने काळी झालेली.

"काय बघतेस?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पदराखाली आपलीही नखं एकेक करून चाचपली.

५

पुढच्या गुरुवारी धाकटा दुपारीच घरी आला. बूट न काढताच बाहेरच्या खोलीत बसला. थोरलीची त्या दिवशी सुट्टी होती. ती मशीनवरून उठून आली.

"बरं नाही का?"

"डाव्या कानात ऐकू येतंय," तो म्हणाला.

"काहीतरीच. नस मेली म्हणून सांगितलं होतं डॉक्टरने."

"मेलेलीच आहे. रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत नाही, तुझं मशीन नाही. एकच आवाज येतो."

थोरली खुर्चीच्या कडेवर बसली. "कुणाचा?"

"ओळखीचा आहे. थोडा तुझ्यासारखा, थोडा माझ्यासारखा." तो कानाची पाळी चोळत होता. "बाबांचाच प्रश्न विचारतो. आज लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, तिथेही विचारत होता. म्हणतो, माझ्याजवळ जे होतं ते मी देत आलो. कपाटाचं द्यायला माझ्याकडे काही नाही. त्या तोलाचं काही नाही."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"ए," धाकटा म्हणाला. या वेळी त्या 'ए'मधे नेहमीची धार नव्हती. "एकदा बोलून टाक ना. मला काही नको तुझ्याकडून. माफीसुद्धा नको. तीन शब्द आहेत. माझ्या हातून झालं. तू म्हण, मी ऐकतो, संपलं."

तेवढंच होतं. तीन शब्द. ते तिच्या घशाशी आलेही, देवाशप्पथ आले. पण त्यांच्यामागून बाकीचं सगळं उसळून वर आलं.

"आणि माझं काय?" ती म्हणाली. "कान तुझा गेला, पण आई माझी गेली! त्या दिवसानंतर तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं का कधी? बारक्याला दूध दे, बारक्याच्या उजव्या बाजूने चाल, बारक्याला दवाखान्यात ने. शाळेच्या सहली कुणाच्या बुडाल्या? बघायला आलेल्यांना 'भावाला आयुष्यभर सांभाळावं लागेल' असं कुणाच्या देखत सांगितलं? अडतीस वर्षं मी भरतेच आहे, बारक्या. अजून काय म्हणून भरू?"

"तू भरलंस," तो हळूच म्हणाला, "पण म्हणाली नाहीस. बाबांच्या घरात आधी म्हणावं लागतं."

"नाही म्हणणार. जा."

तो उठला. "मी त्याला सांगितलं होतं, ताई म्हणेल म्हणून," असं काहीतरी तो पुटपुटला. थोरलीला ते नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल तर तिने ऐकलं नाही असं धरलं.

६

रविवारची दुपार. लख्ख ऊन. बोळात एरवी अंधारच असतो, पण दुपारी तासभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरीप येते आणि फळीवर पडते. थोरली स्वयंपाकघरात जमिनीवर बसून एका गिऱ्हाइकाच्या पँटची तळपट्टी टाचत होती. तोंडात तीन टाचण्या. बाहेरच्या खोलीत धाकटा वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटल्याचा आवाज मधूनमधून येत होता, आणि त्या आवाजाने तिला बरं वाटत होतं.

मग पान उलटायचं थांबलं.

फळीवर काहीतरी सरकत होतं. घासल्याचा आवाज नव्हता. मऊ काहीतरी लाकडावरून फिरावं, चाचपावं, तसं. तिने मान वर केली.

फळीच्या कडेवर हात होता. बाहेरच्या खोलीच्या बाजूने आलेला, मनगटाच्या वरपर्यंत दिसणारा. पुढचं भिंतीआड. बाही निळ्या चौकड्यांची, चांगली मोठ्या माणसाच्या मापाची, शिलाई मात्र आईची. बाहीच्या पट्टीला दोन लाल बटणांची जागा होती आणि बटण एकच होतं. हात पांढराफटक, कधी कुठलं काम न केलेला. अंगठ्याला नख नव्हतं. तो फळीवर रिकामी जागा शोधत होता, किंवा द्यायला काही सापडतंय का ते बघत होता.

टाचण्या तोंडात होत्या म्हणून ती ओरडली नाही. नाहीतर नक्की ओरडली असती.

"हात कुणाचा लागला?" भिंतीआडून कुणीतरी विचारलं. अगदी साध्या आवाजात, अजिबात न रागावता. कपाटाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल हा प्रश्न नव्हता, हे तिला पुरतं कळलं.

तिने टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. तीन टाचण्या, तीन शब्द. म्हणायचं होतं तिला. पण भीती वाटली. म्हटलं तर आपल्याला काय ठेवावं लागेल त्या फळीवर, त्या तोलाचं? आणि भीतीच्या खाली ते जुनंच होतं, कडू, मुरलेलं: दर वेळी मीच का?

"बारक्याचा," ती म्हणाली. "बारक्याच्या हातून झालं. त्याने कपाट धरलं नाही नीट."

हात क्षणभर जागच्या जागी राहिला.

"बरं," आवाज म्हणाला.

७

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन फळीवरून उतरून फरशीवर आलं होतं. थोरली भिंत धरून उठली.

फळीवर धाकट्याचा सदरा होता. सकाळपासून अंगात होता तोच, घडी घातलेला. त्यावर त्याचा चष्मा आणि घड्याळ. घड्याळ चालू होतं. तिने सदऱ्यावर तळवा ठेवला तर तो कोमट लागला.

"बारक्या?"

बाहेरच्या खोलीत खुर्ची रिकामी होती. वर्तमानपत्र खाली पसरलेलं. दाराची कडी आतून लावलेली. खिडकीला गज. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, आणि तेवढ्यात मागे, स्वयंपाकघरात, जिथून ती आत्ताच आली होती तिथे, पातेलं शेगडीवर ठेवल्याचा आवाज झाला. आपटल्याचा नव्हे, ठेवल्याचा.

"ताई," आतून हाक आली, "चहा टाकू का गं?"

अडतीस वर्षांनी तिने ती हाक ऐकली. एक क्षणभर, फक्त एकच क्षण, तिला रडू येईल इतका आनंद झाला.

मग तो बोळात आला. बांधा धाकट्याचा, चेहराही धाकट्याचाच म्हणायला हरकत नव्हती. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. अंगठ्याला पांढरी पट्टी. हसला तेव्हा पुढे एका दाताची खिडकी दिसली.

थोरली त्याच्या डाव्या बाजूला सरकली आणि ओठांतल्या ओठांत, जेमतेम श्वासाइतकं, पुटपुटली, "बारक्या कुठे आहे?"

"ऐकू येतंय मला, ताई," तो मायेने म्हणाला. "दोन्ही कानांनी."

८

त्यानंतर त्या घरात काही फुटलं नाही.

तो सकाळी बूट चढवून लिफ्टच्या कामावर जातो. तिथे कुणाला काही वेगळं वाटत नाही. उलट मुकादम परवा थोरलीच्या दुकानावरून जाताना थांबून म्हणाला, तुमच्या भावाचं ऐकणं फार सुधारलं हो, कोणत्या डॉक्टरकडे नेलंत? तो घरी वेळेवर येतो. ताटात वाढलेलं सगळं खातो, ताटाकडे बघत, कुणीतरी काढून घेईल अशा घाईने. पहिल्या दिवशी अंथरूण घातलं तर कितीतरी वेळ त्याच्यावर नुसता हात फिरवत बसला होता. दिवसातून चाळीस वेळा ताई म्हणतो. भांडत नाही. एकदासुद्धा 'ए' म्हणाला नाही.

थोरली ते 'ए' ऐकायला कान लावून असते. चहा घेऊन खिडकीशी जाण्याआधी मुद्दाम बादली आपटते, भांडं आदळते. कुणी टोमणा मारत नाही.

आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, ती बोळात जाते. सदरा अजून फळीवरच आहे. आठ दिवस उलटून गेले, तरी तो नाहीसा झालेला नाही. पण आता तो गार आहे. ती त्याच्यावर दोन्ही हात ठेवते आणि ते तीन शब्द म्हणते. पहिल्यांदा मनात म्हणत होती. मग पुटपुटत. आता मोठ्याने म्हणते, भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने.

"माझ्या हातून झालं."

फळी काही बोलत नाही. सदऱ्यात काही हलत नाही.

"बारक्या, ऐकतोयस ना? माझ्या हातून झालं. मी चढले होते. मी ओढलं. माझ्या हातून झालं रे."

स्वयंपाकघरात चमचा कपात फिरायचा थांबतो.

"असू दे, ताई," तो तिथून समजुतीने म्हणतो. "फिटलं ते."